गाडीचा रंग बदलण्याची किंमत

मोटारगाडीचा रंग बदलायचा असेल तर खर्च किती येतो, हे विचारायला गॅरेजमध्ये गेले की बहुतेक जण चकित होऊन परत येतात. छोट्या गाडीला आहे तोच रंग पुन्हा संपूर्ण द्यायचा तरी पंचवीस-तीस हजार रुपयांपासून पुढचे आकडे ऐकू येतात. पांढऱ्याची लाल करायची म्हटले की आकडा दीडपट-दुप्पट होतो. रंगाचे चार-सहा डबे आणि एवढे पैसे? पेंटर लुबाडतो आहे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण पैसे नेमके कशाचे पडतात याचा हिशेब मांडला तर त्यात भूमिती, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे बरेच धडे एकत्र आलेले दिसतात. शिवाय बिलात न लिहिलेला एक खर्चही दिसतो. तो कोण भरतो हेही आपण पाहू.

गाडीवर रंग असतो तरी किती?

सुरुवात क्षेत्रफळापासून करू. एखाद्या छोट्या गाडीची लांबी 3.6 मीटर, रुंदी 1.6 मीटर आणि उंची 1.5 मीटर धरा. काचा, चाके आणि खालचा भाग वगळून रंगवायचा पत्रा व बंपर मोजले तर बाहेरचे क्षेत्रफळ ढोबळमानाने 12 चौरस मीटर भरते. (शाळेच्या आवारात एखादी गाडी उभी असेल तर मुलांना वर्तमानपत्राची पाने गाडीवर पसरून हे क्षेत्रफळ मोजायला सांगावे. वक्र पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सूत्राविना कसे काढायचे, याचा तो चांगला पाठ आहे.)

आता जाडी. कारखान्यातून आलेल्या गाडीवरील सर्व थरांची मिळून जाडी साधारण 100 ते 140 मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पत्र्याला लागून गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर चमक देणारा पारदर्शक थर अशी ही उतरंड असते. यात डोळ्यांना दिसणारा रंगाचा थर बहुधा सर्वांत पातळ, 15 ते 20 मायक्रॉनचा असतो.

12 चौरस मीटरला 20 मायक्रॉनने गुणा. उत्तर येते 240 घन सेंटिमीटर. म्हणजे गाडीचा 'रंग' वाळल्यानंतर चहाच्या दोन-तीन कपांत मावेल! मग पैसे जातात कुठे?

घासण्याचे क्षेत्रफळ

पहिले उत्तर आहे पृष्ठभागाची तयारी. गुळगुळीत, चकचकीत जुन्या थरावर नवा रंग धरत नाही. पॉलिश पेपरने घासले की जुन्या थरावर असंख्य बारीक ओरखडे पडतात, वरचा मळका थर निघतो आणि नव्या रंगाला धरून राहायला जागा मिळते. हे एकदा करून भागत नाही. जुना रंग घासायचा, पोचे काढून पुट्टी भरून ती घासायची, प्रायमर मारून तो घासायचा, मग आणखी बारीक कागदाने शेवटचा हात फिरवायचा. सरासरी चार फेऱ्या धरल्या तर 48 चौरस मीटर झाले. म्हणजे 6 मीटर बाय 8 मीटर वर्गखोलीची सगळी फरशी हाताने, पाणी घालून, एकसारखा दाब देत घासण्याइतके काम. गॅरेजच्या बिलातील मोठा भाग या मजुरीचा असतो.

घासल्यावर पत्रा द्रावकाने पुसून घ्यावा लागतो. मेणाचा, तेलाचा किंवा सिलिकॉन असलेल्या पॉलिशचा अंश कुठे राहिला तर तिथे माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. याचे कारण पृष्ठताण. ते वर्गात सहज दाखवता येते. पांढऱ्या बशीत शाई घातलेल्या पाण्याचा अगदी पातळ थर घ्या आणि मधोमध स्पिरिटचा एक थेंब टाका. पाणी थेंबापासून दूर पळते आणि मध्ये बशीचा तळ उघडा पडतो. स्पिरिटचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण एक-तृतीयांश आहे. जास्त पृष्ठताणाचे पाणी द्रव आपल्याकडे ओढून घेते. तेलकट डागावरून रंगही असाच मागे सरतो.

वेगळा रंग महाग का?

तोच रंग पुन्हा देताना दरवाजाच्या आतल्या कडा, चौकटी, डिकीचा आतला भाग, बॉनेटखालची जागा तशीच सोडली तरी चालते. रंग बदलला की दरवाजा उघडताक्षणी जुना रंग डोळ्यांत भरतो. हे भाग धरले तर क्षेत्रफळ 12 वरून 18 चौरस मीटरच्या आसपास जाते. क्षेत्रफळ दीडपट झाले तरी मजुरी त्याहून अधिक वाढते, कारण या जागा अडचणीच्या असतात. रबराच्या पट्ट्या, कड्या, दिवे, आतील अस्तर काढा, नंतर पुन्हा बसवा; जे निघत नाही त्यावर कागद चिकटवा. सपाट बॉनेट रंगवणे आणि बिजागरीच्या मागची बोटभर जागा रंगवणे यांत हाच फरक आहे.

दुसरे कारण प्रकाशाचे आहे. नव्या थराने जुना रंग झाकला पाहिजे. हे झाकणे रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारी राळ यांच्या अपवर्तनांकांतील फरकावर बरेच अवलंबून असते. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक सुमारे 2.7, तर राळेचा 1.5. एवढा फरक असल्यामुळे प्रकाश कणाकणावर विखुरतो आणि खालच्या थरापर्यंत फारसा पोचत नाही. काळा रंग प्रकाश शोषून घेऊन झाकतो. लाल, पिवळ्या, नारिंगी छटांची बरीच सेंद्रिय रंगद्रव्ये मात्र झाकण्यात कमी पडतात. त्यांचे जास्त हात द्यावे लागतात किंवा आधी योग्य छटेचा अस्तराचा हात मारावा लागतो.

यासाठीही खडूचा प्रयोग आहे. खडूची पूड कोरडी असताना पांढरीशुभ्र दिसते. तिच्यात थोडे खोबरेल तेल घाला. पांढरेपणा बराच जातो आणि पातळ थरातून खालचा कागद दिसू लागतो. खडू आणि हवा यांच्या अपवर्तनांकांत मोठा फरक आहे, खडू आणि तेल यांच्यात अगदी थोडा. 'रंग चांगला झाकतो' या पेंटरच्या वाक्याचा अर्थ मुलांना यातून कळतो.

आता एकत्र हिशेब करा. क्षेत्रफळ दीडपट आणि दोनऐवजी चार हात, म्हणजे रंगाचा खप तिप्पट. त्याखेरीज गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर रंगाचा उल्लेख असतो. रंग बदलला तर आर.टी.ओ.मध्ये तशी नोंद करून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे. एक रंग तर मागूनही मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे लष्करी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही वापरता येत नाही.

कारखान्यात जमते ते गॅरेजमध्ये का नाही?

रंगकामाचा वेळ हा मोटारउद्योगाचा जुना डोकेदुखीचा विषय आहे. वार्निशच्या जातीचे जुने रंग वाळायला आठवडे लागत. फोर्ड कंपनीने 1914 ते 1925 या काळात आपली मॉडेल-टी गाडी फक्त काळ्या रंगात विकली. भट्टीत भाजता येणारा तो काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. 1923 च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर मोटारींवर आला आणि आठवड्यांचे काम फार थोड्या वेळात होऊ लागले. आपल्याकडे सुतार आणि पेंटर आजही 'ड्यूको मारणे' म्हणतात, ते या नावावरून.

लॅकर केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतो. म्हणूनच थिनरचा बोळा घासला की वाळलेला लॅकर पुन्हा विरघळतो. जुना रंग कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्याची पेंटरची ही सोपी परीक्षा आहे. पावसाळ्यात लॅकर पांढरट पडतो तोही या बाष्पीभवनामुळे. द्रावक उडताना थर थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर साचते.

आज कारखान्यात रंग मारलेला सांगाडा सुमारे 140 अंश सेल्सिअसच्या भट्टीतून जातो आणि उष्णतेने राळेचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कठीण जाळे तयार होते. त्या वेळी गाडीत आसने, तारा, पेट्रोल, काचा यांपैकी काहीच नसते. तयार गाडी मात्र एवढ्या तापमानात ठेवता येणार नाही. गॅरेजच्या बंद खोलीत फार तर 60 अंशांच्या आसपास जाता येते. मग उष्णतेचे काम रसायनाकडून करून घ्यावे लागते. वरच्या पारदर्शक थरासाठी दोन डबे येतात: एकात राळ, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गाची संयुगे असतात. ती राळेतील हायड्रॉक्सिल गटांशी अभिक्रिया करून पॉलियुरेथेनचे जाळे विणतात. हा थर नंतर थिनरलाही दाद देत नाही. गॅरेजमधील गाडी कारखान्यासारखी चमकते ती या अभिक्रियेमुळे, आणि बिलात न लिहिलेला खर्चही इथूनच सुरू होतो.

हवेत गेलेला रंग

240 घन सेंटिमीटर वाळका रंग मिळवण्यासाठी किती रंग फवारावा लागतो? फवारणीयोग्य पातळ रंगात घन भाग एक-पंचमांश धरू. म्हणजे गाडीवर 1.2 लिटर ओला रंग बसला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या, जास्त दाबाच्या गनमधून निघालेल्या रंगापैकी साधारण एक-तृतीयांशच पत्र्यावर बसतो. तेव्हा फवारायचा रंग झाला 3.6 लिटर. यातला पंधरावा भाग गाडीवर उरतो. बाकीचे चौदा भाग द्रावकाची वाफ आणि रंगाचे तुषार होऊन हवेत जातात.

पारदर्शक थराचा हिशेब अधिक गंभीर आहे. त्याची जाडी 50 मायक्रॉन धरली तर 12 चौरस मीटरवर 600 घन सेंटिमीटर वाळका थर बसतो. त्याच गनने मारला तर याच्या दुप्पट, म्हणजे 1.2 लिटर घन पदार्थ तुषारांच्या रूपात बाहेर जातो, आणि त्या तुषारांत अभिक्रिया पूर्ण न झालेले आयसोसायनेट असते.

आयसोसायनेट हे व्यवसायजन्य दम्याचे एक मोठे आणि सिद्ध झालेले कारण आहे. एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. अशा माणसाला हे काम कायमचे सोडावे लागते. त्याच्या वासावर विसंबता येत नाही. वास येण्याच्या आधीच मात्रा धोक्याची झालेली असू शकते. तोंडावर बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. योग्य उपाय म्हणजे हवा खेचून घेणारी बंद खोली आणि बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा.

यांना पैसे पडतात. रस्त्याच्या कडेला, ताडपत्रीच्या आडोशाला गाडी स्वस्तात रंगवून मिळते, तेव्हा हे पैसे वाचवलेले असतात. घासण्याच्या दोन फेऱ्या वाचवल्या तर त्याची किंमत गाडीवाला वर्ष-दोन वर्षांत पोपडे निघाल्यावर भरतो. खोली आणि मुखवटा वाचवला तर ती किंमत पेंटरची फुप्फुसे भरतात.

सुधारणा नेहमीच महाग असते असेही नाही. कमी दाबाच्या, जास्त हवेच्या गनने सुमारे 65 टक्के रंग पत्र्यावर बसतो. वरच्या उदाहरणात 3.6 लिटरऐवजी 1.85 लिटर रंग पुरतो. वाचलेल्या रंगाच्या पैशांतून गनची किंमत निघू लागते आणि हवेतले तुषारही खूप कमी होतात. घासण्याचे काम कोरडे न करता पाण्याने केले तर धूळ उडत नाही. जुन्या रंगात शिशाची रंगद्रव्ये असण्याची शक्यता असते, म्हणून हे विशेष महत्त्वाचे. शिशाचे प्रमाण 90 पीपीएमवर मर्यादित करणारा आपल्याकडील 2016 चा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे.

वर्गापुरते

वरचे क्षेत्रफळ, जाडी, घन भाग आणि गनची कार्यक्षमता हे चार आकडे फळ्यावर लिहून बाकीचे गणित मुलांना करू द्यावे. नंतर गावातील गॅरेजमध्ये जाऊन रंगाचा दर, मजुरीचा दर आणि कामाचे दिवस विचारून यायला सांगावे. रंग, मजुरी आणि जागा यांची वाटणी प्रत्येक ठिकाणी वेगळी निघेल. ती का, यावर चर्चा करावी. फवारणी चालू असेल तर मुलांनी लांब थांबावे, हे आधी बजावावे.

हा पाठ घेण्याचे आणखी एक कारण आहे. दहावीनंतर आपल्या वर्गातील काही मुले गॅरेजमध्ये हाताखाली कामाला लागतात. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात पॉलिश पेपर येतो, काही महिन्यांनी गन. हार्डनरच्या डब्यात काय आहे आणि रुमाल का पुरत नाही हे त्यांना तिथे कोणी सांगेलच असे नाही. ते शाळेत कळले असेल तर मुखवटा मागण्याइतके बळ त्यांच्या अंगी येईल.