लोकल मळवणारे काका

खिडकीखालचा ओघळ कुठल्या रंगाचा असतो, असं काका येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात. बहुतेक लोक 'तपकिरी' म्हणतात. मग काका उठतात, टेबलावरचा डबा दिव्याखाली धरतात आणि एकेक थर दाखवतात. अगदी खाली, बोगीच्या, म्हणजे चाकांच्या चौकटीच्या, आसपास तांबूस पूड असते. ओतीव लोखंडाचे ब्रेक ब्लॉक चाकावर घासले की लोखंडाचा बारीक चुरा उडतो, खारट हवेत तो गंजतो आणि डब्याच्या खालच्या अंगाला चिकटून बसतो. खिडकीखालचा ओघळ मात्र काळपट राखाडी, कारण तो छतावरून आलेला असतो. पावसाने धुतलेली काजळी खिडकीच्या कोपऱ्यातून उतरते. दाराशेजारी असतो तो पानाचा रंग. ताजा असताना लाल, महिन्याभराने काथ्यासारखा. लोकल दोन्ही दिशांना धावते, म्हणून त्या पिचकाऱ्याही दोन्ही बाजूंना कललेल्या असतात. हे मी वांद्रे स्टेशनावर जाऊन मुद्दाम पाहिलं. तसंच आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकांना छंदांवर एक लेख हवा होता. खेरवाडीत एक निवृत्त बँक कर्मचारी घरात रेल्वे बनवतात एवढ्या माहितीवर मी गेले. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. रेल्वे म्हणजे रुळांचं वर्तुळ, बोगदा, डोंगर आणि त्यातून फिरणारी गाडी असं डोळ्यांपुढे होतं. काकांकडे वर्तुळ नाही. पलंगाच्या वर भिंतीला ठोकलेली एक फळी आहे, तिच्यावर फलाटाचा तुकडा, आणि फलाटाला लागलेलं जुन्या पिवळ्या-तपकिरी लोकलचं तीन डब्यांचं युनिट. मध्ये मोटरकोच, म्हणजे मोटर असलेला डबा, दोन्हीकडे एकेक साधा डबा. सगळं मिळून लांबी 72 सेंटिमीटर. त्यातले दोन डबे पूर्ण झालेत, तिसरा अजून पांढऱ्या प्लास्टिकचा सांगाडा आहे.

या छंदाचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने 1891 साली खेळण्यातल्या रुळांची ठरावीक मापं बाजारात आणली आणि एका घरातली गाडी दुसऱ्या घरातल्या रुळांवर चालू लागली. 1922 च्या सुमारास बिंग कंपनीने जेवणाच्या टेबलावर मावेल एवढी रेल्वे केली. त्यातूनच पुढे एचओ हे माप रूढ झालं. खऱ्या गाडीचा 87 वा हिस्सा, आणि रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपल्याकडे हे माप ज्यांनी हजारो लोकांना दाखवलं ते पुण्याचे भाऊ जोशी. कोथरूडला कर्वे रस्त्याजवळ त्यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी सुरू झालं. सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, दिवे मालवल्यावर उजळणारं सगळं शहर आणि त्यातून वेळापत्रकानुसार सुटणाऱ्या गाड्या. भाऊ गेले, संग्रहालय चालू राहिलं. काका तिथे पहिल्यांदा गेले ते मुलाला दाखवायला. मुलगा गाड्या बघत होता, हे सिग्नल बघत होते. परत येताना त्यांच्या मनात एकच होतं, की या सगळ्यात आपली लोकल कुठे आहे?

ती बाजारात नव्हती. युरोपच्या, अमेरिकेच्या, जपानच्या गाड्या पेटीत घालून मिळतात. चर्चगेट-बोरिवली मिळत नाही. म्हणून ती घरी करायची ठरली, आणि पहिल्याच दिवशी आडवं आलं ते गेज.

या गेजपाशी मला थांबायलाच हवं, कारण काकांच्या आयुष्यातली सहा-सात वर्षं त्याने खाल्ली आहेत. जगात बऱ्याच ठिकाणी रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर असतं. त्याला 87 ने भागलं की साडेसोळा येतात, आणि बाजारातले रूळ त्याच हिशोबाचे असतात. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. तिला 87 ने भागलं की येतात 19.26. फरक पावणेतीन मिलिमीटरचा. तेवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. लोकलचा डबा खऱ्यात 3658 मिलिमीटर रुंद, म्हणजे मॉडेलमध्ये 42. हा 42 चा डबा साडेसोळाच्या रुळावर ठेवला की तो अरुंद पायांवर तोल सावरत उभा असल्यासारखा दिसतो. ज्याने आयुष्यभर लोकल समोरून येताना पाहिली आहे त्याला ते क्षणभरही सहन होत नाही. आयर्लंडमधल्या छांदिष्टांचीही हीच व्यथा आहे, त्यांचं गेज 1600 मिलिमीटरचं. त्यांच्यातले हट्टी लोक रूळ स्वतः टाकतात. काकांनीही तेच केलं. बाजारातल्या चाकांचे आस काढून लांब आस बसवले, तांब्याचा मुलामा असलेल्या पट्टीचे स्लीपर कापले, त्यांवर रूळ डाग देऊन जोडले. दर चार स्लीपरांनी 19.3 मिलिमीटरचा पितळी गेज फिरवून पाहिला. सरळ रूळ जमले. सांधा, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा काटा, अजून जमलेला नाही. चाकाची कड जिथून पार व्हायची ती फट जेमतेम मिलिमीटरभर असते, आणि तिथे डबा दर वेळी उचलला जातो.

वजनाचा हिशोब तर मला थक्क करून गेला. तीस-पस्तीस टनांचा रिकामा डबा 87 पट लहान केला तर त्याचं वजन 87 च्या घनाने कमी होतं, म्हणजे जेमतेम 50 ग्रॅम उरतं. एवढी हलकी गाडी रुळावर टिकत नाही. अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या संघटनेने लांबीनुसार वजनाचं कोष्टक केलं आहे, त्याप्रमाणे काकांच्या डब्याला 160 ग्रॅम लागतात. म्हणून डब्याच्या पोटात शिशाच्या पट्ट्या आहेत. खऱ्याच्या प्रमाणात सगळं लहान करता येतं, जडपणा येत नाही. तो वेगळा भरावा लागतो.

मग येतं मळवणं. छांदिष्ट त्याला वेदरिंग म्हणतात, काका मळवणं म्हणतात, आणि त्यांचा जीव खरा याच कामात आहे. आधी डबा कारखान्यातून नुकता सुटल्यासारखा रंगवायचा. कोरा, तुकतुकीत, आकड्यांसकट. मग त्याच रंगात पांढऱ्याचा थेंब टाकून अगदी पातळ थर द्यायचा, म्हणजे उन्हाने विटल्यासारखं होतं. त्यावर काळ्या-तपकिरी तैलरंगाचं पाणी सोडायचं. ते सगळीकडे पसरतं, सांध्यांत आणि रिव्हेटांभोवती साठतं, आणि ओल्या ब्रशने वरून खाली पुसलं की ओघळ उरतात. ब्रश फक्त वरून खाली न्यायचा. आडवा फिरला की खोटेपणा लगेच दिसतो, कारण पाऊस आडवा वाहत नाही. नंतर कोरडा ब्रश, ज्यात रंग आहे की नाही अशी शंका यावी, तो दाराच्या कडांवरून आणि पायरीवरून हलकेच फिरवायचा. दाराच्या मधला दांडा मात्र मळवायचा नाही. रोज हजारो हात त्याला घासतात, म्हणून सगळा डबा मळला तरी तो चकाकत असतो. काकांनी तो स्टीलच्या तारेचा केला आणि नुसता पुसून ठेवला.

धूळ खडूची. मऊ पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून, मलमलीतून गाळून घेतलेली. खरी धूळ का नाही, असं मी विचारलं. काकांनी कागदावर गणित मांडलं. धुळीचा कण एक दशांश मिलिमीटरचा धरला तरी 87 पट मोठा केल्यावर तो जवळजवळ 9 मिलिमीटरचा खडा होतो. स्टेशनवरची माती डब्याला लावली तर डब्यावर खडी ओतल्यासारखं दिसेल. रंगांचंही असंच. मॉडेल आपण दोन फुटांवरून पाहतो, म्हणजे खरी गाडी 50 मीटरवरून पाहिल्यासारखं. तेवढ्या अंतरावर हवेमुळे काळा रंग काळा राहत नाही, राखाडी होतो. म्हणून काका शुद्ध काळा कुठेच वापरत नाहीत, बोगीलाही नाही.

सगळ्यात जास्त वेळ मोटरकोचच्या छतावर गेला. फलाटावर उभ्या माणसाला छत दिसतच नाही. वांद्र्याच्या पादचारी पुलावर उभं राहिलं की दिसतं, म्हणून काका वर्षानुवर्षं त्या पुलावर रेंगाळले आहेत. जुनी लोकल 1500 व्होल्टच्या डीसी प्रवाहावर चालायची. आताच्या 25,000 व्होल्टच्या तुलनेत, तेवढीच ताकद हवी तर तारेतून सोळा-सतरा पट जास्त प्रवाह ओढायला लागायचा. छतावरून तारेला टेकणारा पॅन्टोग्राफ आणि तांब्याची तार त्यामुळे एकमेकांना जास्त झिजवायचे, आणि तो काळा-तांबूस चुरा वंगणात मिसळून छतावर बसायचा. काकांच्या मोटरकोचवर पॅन्टोग्राफच्या खाली गडद पट्टा आहे, मागेपुढे विरळ होत जाणारा. डीसी लोकल काय होती हे सांगणारी एवढी नेमकी गोष्ट मी कुठल्या पुस्तकातही वाचलेली नाही.

मला या माणसाबद्दल जो आदर वाटतो तो इथे आहे. आपण जुन्या गाड्या जपतो तेव्हा आधी त्या रंगवतो. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 'सर रॉजर लम्ली' हे विजेचं जुनं इंजिन उभं आहे, तिथली बाकीची इंजिनंही आहेत. देखणी, नीट राखलेली. पण त्यांनी घाटात काय सोसलं ते रंगाखाली गेलं. पश्चिम रेल्वेवर विजेची पहिली लोकल 5 जानेवारी 1928 रोजी कुलाबा-बोरिवली धावली. त्या मार्गावरचा डीसी प्रवाह 2012 च्या फेब्रुवारीत संपला, आणि हार्बरवरची शेवटची डीसी लोकल 9 एप्रिल 2016 च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला गेली. तीन-चार पिढ्यांचे हात, घाम, पान आणि पाऊस त्या डब्यांवर साचले होते. तो मळ हाच त्या गाडीचा खरा दस्तऐवज, आणि तो कुणी ठेवला नाही. अमेरिकेत जॉन अॅलन नावाच्या छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या मध्यात मळलेली, थकलेली मॉडेल रेल्वे करून दाखवली, तेव्हापासून या कामाला प्रतिष्ठा आली. त्याचा सगळा पसारा त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, 1973 साली, आगीत गेला. उरली ती छायाचित्रं.

काकांकडे छायाचित्रंही पुरेशी नाहीत, आणि पुढची सगळी अडचण तिथून सुरू होते. रोज दिसणाऱ्या लोकलचा फोटो कोण काढतो? जे आहेत ते समोरून, गर्दीसकट, बहुतेक फिल्मवरचे. फिल्मवरचा पिवळा रंग कधी नारिंगीकडे झुकतो, कधी हिरवटाकडे. काकांकडे पिवळ्याच्या नमुन्यांची एक पट्टी आहे आणि तिच्यावर जुन्या प्रवाशांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा. त्या जुळत नाहीत. शेवटी त्यांनी कारशेडमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा कौल मान्य केला. तो बरोबर आहे की नाही हे तपासायला आता डबाच उरलेला नाही.

हवा तर वैरीच आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वांद्र्यात वार्निश मारता येत नाही. ओलाव्याने त्यावर पांढरी झाक धरते आणि महिन्यांचं मळवणं धुक्याआड जातं. पहिला डबा असाच गेला आणि पुन्हा उघडा करावा लागला. वार्निश न मारावं तर खडूची पूड बोटाला येते, आणि मारलं तर निम्मी पूड दिसेनाशी होते. म्हणून ती आधीच दुप्पट लावायची, अंदाजाने. फलाटाखालचं एमडीएफ पावसाळ्यात फुगलं आणि 19.3 चं गेज एका जागी 19.6 झालं. रुळांवर थर बसतो, वीज पोचत नाही. फेव्हिक्विकची वाफ लागून खिडक्यांचं पारदर्शक प्लास्टिक धुरकट झालं, तेव्हापासून खिडक्या साध्या पांढऱ्या गोंदाने चिकटतात. थिनरचा वास एका खोलीच्या घरात कुठे जाणार? काकूंना दमा आहे, म्हणून फवाऱ्याचं काम त्या मुलीकडे गेल्या तरच.

सामानासाठी पायपीट वेगळीच. मोटर आणि बारीक दिवे लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पातळ प्लास्टिकचा कागद क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला कधी मिळतो, कधी नाही. चाकं परदेशातून येतात आणि त्यांच्यावरचं शुल्क कधीकधी चाकांइतकंच होतं. पुतण्याने थ्रीडी प्रिंटरवर खिडक्यांच्या चौकटी काढून दिल्या. त्या सुबक होत्या, पण उन्हाळ्यात वाकल्या. खिडक्यांचे गज काका अजूनही तारेचे एकेक करून बसवतात. एका डब्याला शंभराहून जास्त. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून डावा डोळा लांबचं नीट पाहतो, जवळचं नाही, आणि हे सगळं काम वीतभर अंतरावरचं.

ही गाडी फिरणार कधी, याचंही उत्तर जागेपाशी अडतं. आपल्याकडे ब्रॉडगेजचं सगळ्यात तीव्र वळण 175 मीटर त्रिज्येचं असतं. तेही 87 पट लहान केलं तर दोन मीटर त्रिज्या, चार मीटर व्यास. काकांची खोली दहा फुटांची, म्हणजे तीन मीटर. त्याहून तीव्र वळण दिलं तर 24 सेंटिमीटर लांबीचे डबे कोपऱ्याला एकमेकांना घासतात. म्हणून लोकल फळीवर पुढे जाते आणि मागे येते. वर्तुळासाठी गाडी छोटी करणं काकांना मान्य नाही, आणि मला त्यांचं पटतं.

आता इमारत पुनर्विकासाला गेली आहे. संमतीच्या सह्या झाल्या आहेत, भाड्याच्या जागा शोधायला सांगितलं आहे. फळी भिंतीला प्लगने ठोकलेली, रूळ फळीला चिकटवलेले. उतरवताना डाग दिलेले सांधे सुटतील हे काकांना माहीत आहे. म्हणून त्यांनी रुळांचे दोन तुकडे करायचं ठरवलंय, फलाटाच्या बरोबर मध्ये, आणि त्या जागी पितळी खिळी बसवायची आहे. तिसरा डबा डिसेंबरात रंगवायचा होता. तो आता कुठे रंगवणार ते ठाऊक नाही. काकू नव्या जागा बघून येतात तेव्हा स्वयंपाकघराच्या आधी भिंत मोजतात. खिडकी, कपाट आणि दार सोडून एक सरळ भिंत हवी, उन्हापासून लांब, गळती नसलेली. गोळीबार रोडला एक जागा होती, पण ती भिंत न्हाणीघराला लागून निघाली.