कातकरी शब्द यंत्राला ठाऊक नाहीत

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील महाविद्यालयीन तरुणांना ‘चॅटजीपीटी’, ‘जेमिनी’ यांसारखी साधने आता मोबाइलवरच उपलब्ध आहेत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जिओने १८ ते २५ वयोगटातील पात्र ग्राहकांना जेमिनीची सशुल्क सेवा १८ महिने मोफत देऊ केली. इंग्रजी उतारा समजून घेणे, अर्ज लिहिणे, मुलाखतीची तयारी करणे ही कामे त्यामुळे सोपी होतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला हा मोठाच आधार आहे.

तथापि, हे यंत्र शिकते ते मुख्यतः लिखित मजकुरातून. अगणित वाक्ये अभ्यासून पुढचा शब्द कोणता असावा, याचा ते अंदाज बांधते. इंग्रजी मजकूर विपुल आहे, मराठी त्या मानाने थोडा. आणि याच तालुक्यांतील वाड्यांवर बोलली जाणारी कातकरी तर प्रामुख्याने मौखिक. तिथे यंत्र अडखळते. पण गप्प न बसता चुकीचे उत्तरही ते ठामपणे देते.

कातकरी ही राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक. तिच्यातील मुले शाळेत मराठी शिकतात, मोबाइलवर इंग्रजी वाचतात. घरच्या बोलीला दोन्हीकडे जागा नाही. याच तरुणांनी ज्येष्ठांच्या संमतीने त्यांच्या गोष्टी, रानभाज्यांची नावे ध्वनिमुद्रित करून देवनागरीत उतरवली, तर यंत्र ती शिको वा न शिको, पुढच्या पिढीला आपली बोली वाचता तरी येईल.