किल्ली दिली, नकाशा मात्र नाही

अ‍ॅपल कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतः घडवलेली एम-१ ही चिप आपल्या लॅपटॉपमध्ये बसवली, तेव्हा तिच्या वेगाचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र त्याबरोबर एक जुनी सोय निकालात निघाली. इंटेलच्या चिपवर चालणाऱ्या मॅकवर मायक्रोसॉफ्टची विंडोज ही प्रतिस्पर्धी कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम, बसवता यावी म्हणून ‘बूट कॅम्प’ नावाचे साधन खुद्द अ‍ॅपलच २००६ पासून देत आली होती. नव्या यंत्रात ते नाही.

म्हणून ही यंत्रे परक्या कार्यप्रणालीला सर्वस्वी बंद आहेत असे म्हटल्यास कंपनीवर अन्याय होईल. आयफोनवर अ‍ॅपलची मोहोर नसलेली कार्यप्रणाली सुरूच होत नाही. मॅकच्या मालकाने मात्र परवलीचा शब्द देऊन डिस्कच्या एका विभागापुरती सुरक्षेची अट शिथिल केली, तर तेथे परकी प्रणाली नांदू शकते. शेजारच्या विभागातील मॅकओएसच्या सुरक्षेस त्यामुळे बाध येत नाही. ही तरतूद विचारपूर्वक केलेली आहे. परंतु आत शिरणाऱ्याने पडदा कसा उजळावा, ध्वनी कसा काढावा, बॅटरी कशी राखावी, याविषयीची कागदपत्रे कंपनीने दिलेली नाहीत. दार उघडे आणि आत काळोख, अशी ही अवस्था आहे.

त्या काळोखात हेक्टर मार्टिन आणि त्यांचे सहकारी शिरले. त्यांच्या प्रकल्पाचे नाव ‘असाही लिनक्स’. असाही म्हणजे जपानी भाषेत उगवता सूर्य, आणि मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाचे तेथील नावही तेच. मराठी कानाला त्यात ‘असाही एक मार्ग’ ऐकू आला, तर तेही गैरलागू नाही! त्यांनी मॅकओएसच्या खाली स्वतःच्या आज्ञावलीचा एक पातळ थर घातला आणि ती प्रणाली यंत्राच्या अवयवांशी काय बोलते ते टिपून घेतले. दुभाष्याविना परमुलखात राहून, लोकांच्या तोंडाकडे पाहत भाषा शिकावी, तसा हा उद्योग. मार्च २०२२ मध्ये पहिली चाचणी आवृत्ती निघाली. ओपन-जीएल या चित्रांकनाच्या मानकाची ४.६ ही आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी या चिपवर प्रमाणित रीतीने चालवून दाखवली. अ‍ॅपलची स्वतःची मजल ४.१ पर्यंतच राहिली आहे.

या पराक्रमाचे मोल कोणी मोजले? फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्टिन यांनी थकव्याचे कारण देऊन नेतृत्व सोडले. काम सहकाऱ्यांनी पुढे चालवले. प्रत्येक नव्या चिपगणिक हे उत्खनन पुन्हा करावे लागते, तेही बव्हंशी देणग्यांवर.

हा केवळ हौशी मंडळींचा प्रश्न नव्हे. २०२५ मधील ‘टाहो’ ही इंटेल-मॅकसाठीची अखेरची आवृत्ती असल्याचे अ‍ॅपलने जाहीर केले आहे. त्यांपैकी पुष्कळ यंत्रे लिनक्सवर पुढेही चालतील, कारण इंटेलच्या चिपची माहिती उपलब्ध आहे. एम-१ ची पाळीही कधीतरी येईल. चिपचा आराखडा कोणी मागत नाही. तिच्याशी बोलावे कसे, एवढेच हवे आहे. एएमडीने आपल्या ग्राफिक्स चिपची अशी कागदपत्रे २००७ पासून खुली करण्यास आरंभ केला, म्हणून तिचा धंदा बुडाला नाही. ज्या यंत्राला नवी मॅकओएस देणे अ‍ॅपल थांबवील, निदान त्याची कागदपत्रे तिने त्याच दिवशी प्रसिद्ध करावीत.