चिनीमातीचे दात

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये द्युशातो नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याची कवळी प्राण्याच्या दातातून कोरलेली होती. औषधे चाखून तिला डाग पडत व दुर्गंधी येई. दुकानातील चिनीमातीची भांडी मात्र स्वच्छ राहत. हे पाहून १७७४ साली त्याने त्याच मातीची कवळी करविली. परंतु भट्टीत माती आकसली आणि कवळी तोंडात बसेना! अखेर द्युब्वा द शेमां या दंतवैद्याच्या साहाय्याने ती साधली.

आजही हाताने असे दात घडविणारा कारागीर कुंचल्याने ओल्या भुकटीचे थर चढवितो, आकार मुद्दाम किंचित मोठा ठेवतो व मगच भाजतो. आकसल्यावर दात नेमका बसतो.

मुलांनो, हा दात सुंदर खरा. परंतु तो सजीव नव्हे. म्हणून निसर्गाने दिलेले दात जपा.