परक्या यंत्रचालकाची मजुरी

उत्तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गव्हाची कापणी एका जागीं बसून होत नाहीं. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जाते. मे महिन्यांत टेक्सास संस्थानांत ओंब्या पिवळ्या पडल्या, कीं तेथें यंत्रांचे तांडे उतरतात. जूनमध्यें ते ओक्लाहोमा व कॅन्सस या संस्थानांत शिरतात, जुलैमध्यें नेब्रास्का व दक्षिण डाकोटा गांठतात, आणि ऑगस्टांत उत्तर डाकोटा व मोंटाना येथील पीक उरकून कॅनडाच्या सरहद्दीशीं थांबतात. पंजाबांतील हार्वेस्टर यंत्रें हंगामांत महाराष्ट्रांतील गांवांतून फिरतांना ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना या प्रकाराची कल्पना सहज येईल. फरक इतकाच, कीं अमेरिकेंतील हा प्रवास दीड-दोन हजार मैलांचा असतो, आणि त्या यंत्रांवर बसलेला माणूस पुष्कळदां अमेरिकन नसतो.

या फिरत्या कापणीला मोठें रूप आलें तें दुसऱ्या महायुद्धांत. त्या वेळीं तरुण माणसें सैन्यांत गेलेलीं, पोलाद तोफा-रणगाड्यांकडे वळविलेलें, आणि धान्याची गरज तर पूर्वींपेक्षां अधिक. १९४४ सालीं मॅसी-हॅरिस या कंपनीनें सरकारची परवानगी काढून पांचशें स्वयंचलित कापणी-मळणी यंत्रें जादा बनविलीं, आणि त्यांच्या टोळ्या करून पिकणाऱ्या गव्हामागोमाग उत्तरेकडे पाठविल्या. त्या एका हंगामांत दहा लाख एकरांहून अधिक पीक त्यांनीं उरकलें. तेव्हांपासून भाड्यानें कापणी करून देणें हा तेथें एक स्वतंत्र धंदा होऊन बसला.

यंत्र आलें म्हणजे माणसाची गरज संपली असें नाहीं. वेगळ्या माणसाची गरज उत्पन्न होते. लाखों डॉलर किंमतीचें यंत्र रात्रंदिवस चालविणारा, बिघाड झाल्यास वाटेंतच दुरुस्त करणारा, आणि चार-सहा महिने घरदार सोडून फिरणारा चालक अमेरिकन खेड्यांत दिवसेंदिवस मिळेनासा झाला. म्हणून दक्षिण आफ्रिका, आयर्लंड, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील शेतकरी घरांतले तरुण तेथें बोलावले जातात. ऑस्ट्रेलियांत गव्हाची कापणी वर्षाच्या अखेरीस होत असल्यामुळें तेथील चालकाला मधले महिने मोकळे सांपडतात. एकाच वर्षीं दोन गोलार्धांतील दोन सुगी त्याच्या हातून होतात.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो. या परक्या माणसाला मजुरी किती द्यावी? ज्या देशांत डॉलर दुर्मिळ, तेथील माणूस अमेरिकन चालकाच्या निम्म्या मजुरीवरहि आनंदानें येईल. मालकालाहि तें हवेंच असेल. पण मग शेजारच्या गांवांतील अमेरिकन चालकाचें काय होणार? एकतर त्याला निम्म्या मजुरीवर राबावें लागेल, नाहींतर घरीं बसावें लागेल. दोघांचा सौदा खुषीचा असला, तरी त्याची किंमत त्या सौद्यांत नसलेल्या तिसऱ्यानें मोजावी, असा हा प्रकार आहे. या तिसऱ्या माणसाचा विचार कायद्याला करावा लागला.

१९८६ च्या कायद्यानें शेतीच्या हंगामी परदेशी मजुरांकरितां ‘एच-टू-ए’ नांवाचा वेगळा परवाना निर्माण केला. तो मिळविण्यापूर्वीं मालकानें मजूरखात्याकडून दोन गोष्टींचा दाखला आणावा लागतो. पहिली, त्या कामास लायक व राजी असे पुरेसे देशी मजूर उपलब्ध नाहींत. आणि दुसरी, परकी माणसें आणल्यानें तसलेंच काम करणाऱ्या देशी मजुरांच्या वेतनावर व कामाच्या अटींवर प्रतिकूल परिणाम होणार नाहीं. या दुसऱ्या अटींतूनच वेतनाचा सारा विचार उगवतो. असा परिणाम टाळण्यासाठीं मजूरखातें जो दर ठरवून देतें, त्यास सोयीसाठीं संरक्षक दर म्हणावें.

ही अट आकाशांतून पडलेली नाहीं. तिच्यामागें कडू अनुभव आहे. १९४२ च्या ऑगस्टांत अमेरिका व मेक्सिको या सरकारांमध्यें एक करार झाला, आणि ‘ब्रासेरो’, म्हणजे हातानें कष्ट करणारे, या नांवानें ओळखले जाणारे मेक्सिकन मजूर अमेरिकन शेतांवर येऊं लागले. करारांत तासाला निदान तीस सेंट मजुरी व कराराच्या पाऊण काळाइतक्या कामाची हमी लिहिलेली होती. आरंभींच्या वर्षांत मजुरीचा दहावा भाग मेक्सिकोंतील बचतखात्यांत जमा करण्यासाठीं कापून घेत. ती रक्कम अनेकांच्या हातीं कधींच पडली नाहीं. १९५१ सालीं अध्यक्षांनीं नेमलेल्या आयोगानें स्पष्ट सांगितलें, कीं जेथें परके मजूर फार, तेथील मजुरी दबून राहिली आहे. अखेर १९६४ च्या शेवटीं ही योजना बंद पडली.

त्यानंतर घडलें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कॅलिफोर्नियांतील टोमॅटोचे मळेवाले म्हणत होते, कीं स्वस्त हात गेले तर पीकच बुडेल. पीक बुडालें नाहीं. तेथील विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंत हॅना यांनीं यंत्राच्या धक्क्याला टिकणारा टोमॅटो तयार केला होता व लॉरेन्झन यांनीं तो तोडणारें यंत्र. १९७० च्या सुमारास डबाबंद करण्याच्या टोमॅटोचें बहुतेक सारें पीक यंत्रानेंच निघूं लागलें. हातानें तोडणारे गेले आणि यंत्र चालविणारे आले. मजुरीचा दर हा केवळ मजुराच्या पोटाचा प्रश्न नसून, शेतांत यंत्र केव्हां येणार हेंहि तो दर ठरवितो, हा धडा यांतून मिळाला.

आतां हा दर प्रत्यक्ष कसा ठरतो तें पाहिलें पाहिजे. मालकाला पांच आंकडे समोर ठेवावे लागतात: संरक्षक दर, त्या भागांत त्या कामासाठीं प्रचलित असलेली मजुरी, मजूरसंघाशीं करार झाला असल्यास त्यांतील मजुरी, मध्यवर्ती सरकारचें किमान वेतन, आणि त्या संस्थानाचें किमान वेतन. यांपैकीं जो आंकडा सर्वांत मोठा, त्याहून कमी मजुरी देतां येत नाहीं. मध्यवर्ती किमान वेतन २००९ सालापासून तासाला ७.२५ डॉलर आहे. संरक्षक दर याहून पुष्कळच वर असतो. १९८७ पासून, मधला थोडा काळ वगळतां, हा दर शेतकीखात्याच्या मजुरी-पाहणींतून काढीत असत. त्या त्या विभागांत शेतांवर व गुराढोरांवर राबणाऱ्या मजुरांना तासाला सरासरीनें जें मिळे, तोच पुढील वर्षाचा दर. २०२४ सालीं तो टेक्सास व ओक्लाहोमांत १५.५५ डॉलर, कॅन्ससपासून उत्तर डाकोटापर्यंत १८.३२ डॉलर, आणि कॅलिफोर्नियांत १९.७५ डॉलर होता. म्हणजे तोच चालक, तेंच यंत्र व तोच गहूं. पण ओक्लाहोमाची सरहद्द ओलांडून कॅन्ससमध्यें पाऊल टाकलें, कीं त्याच्या तासाची किमान किंमत २.७७ डॉलरनें वाढे.

तासाच्या दराला येथें विशेष महत्त्व असण्याचें आणखी एक कारण आहे. कारखान्यांतील मजुराला आठवड्यांत चाळीस तासांहून अधिक काम पडल्यास दीडपट मजुरी मिळते. शेतमजुराला मात्र मध्यवर्ती कायदा हा हक्क देत नाहीं. कॅलिफोर्नियासारख्या कांहीं संस्थानांनीं तो स्वतःच्या कायद्यानें दिला आहे. सुगींत चौदा-चौदा तास यंत्रावर बसणाऱ्याला त्यामुळें मूळ दराचाच आधार.

पण नुसता दर चांगला असून भागत नाहीं. काम मिळालें तर दराला अर्थ. म्हणून ब्रासेरो करारांतील पाऊण काळाची हमी आजच्या नियमांतहि आहे. समजा, करार दहा आठवड्यांचा आहे आणि आठवड्यास अठ्ठेचाळीस तास काम ठरलें आहे. एकंदर तास झाले ४८०. त्यांचे तीन-चतुर्थांश ३६०. पावसानें घोटाळा केला व काम ३०० तासच निघालें, तरी उरलेल्या ६० तासांची मजुरी मालकानें चुकती केलीच पाहिजे, १८.३२ च्या दरानें ती १,०९९ डॉलर २० सेंट होते. पावसाचा धोका हजारों मैल दूरहून आलेल्या माणसाच्या माथीं मारूं नये, हा यांतील हेतु. याखेरीज राहण्यास घर फुकट, तीन वेळचें जेवण ठराविक दरानें अथवा स्वयंपाकाची सोय विनामूल्य, करार निम्मा होतांच येण्याचें भाडें व पुरा होतांच परत जाण्याचें भाडें, हींहि मालकाकडेच असतात.

भरतीसाठीं मजुराकडून दलाली घेण्यासहि सक्त मनाई आहे. या मनाईचें मर्म बीडकडील ऊसतोडणी मजुरांची उचल ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळें सांगावयास नको. हंगामापूर्वींच जो देणेकरी झाला, त्याला मजुरीचा दर कितीहि चांगला असला तरी तोंड उघडण्याची सोय राहत नाहीं. नियमांत मनाई असूनहि कित्येक मजुरांकडून त्यांच्या गांवींच दलाल पैसे उकळतात, आणि परवाना एकाच मालकाशीं बांधलेला असल्यामुळें येथें भांडलें तर परत जावें लागेल ही भीति त्याला गप्प बसविते.

आणि ज्याच्या रक्षणासाठीं हा सारा खटाटोप, त्या देशी मजुराचें काय? नियम असा आहे, कीं परक्या माणसाला जो दर व ज्या सोयी, त्याहून कमी त्याच कामावरील देशी माणसाला देतां येत नाहीं. आणि कराराचा निम्मा काळ उलटेपर्यंत लायक देशी माणूस दारीं आला तर त्याला काम द्यावेंच लागतें. कागदावरचा हा नियम शेतांत किती उतरतो, हा प्रश्न २०२१ सालीं मिसिसिपी संस्थानांत चव्हाट्यावर आला. तेथील कृष्णवर्णीय शेतमजुरांनीं न्यायालयांत दावा केला. त्यांची तक्रार अशी, कीं वर्षानुवर्षें तींच यंत्रें चालविणाऱ्या त्यांना कमी मजुरी दिली जाते, दक्षिण आफ्रिकेंतून आणलेल्या गोऱ्या चालकांना अधिक दिली जाते, आणि नवख्यांना काम शिकविण्याचें कामहि त्यांच्याच गळ्यांत पडतें. ज्या शेतांवर त्यांच्या आज्या-पणज्यांनीं कापूस वेंचला, तेथेंच त्यांना परकें व्हावें लागलें. दर ठरविणारा कायदा होता. त्यावर नजर ठेवणारा डोळा मात्र लागलेला नव्हता.

दुसरा वाद आहे तो काम कशाला म्हणावें याचा. कापणी-यंत्र चालविणारा माणूस धान्याचा ट्रकहि हांकतो. मग तो शेतमजूर, कीं ट्रकचालक? २०२३ च्या नियमानें ठरविलें, कीं ज्या कामाचा दर अधिक, तो दर द्यावा. आणि ट्रकचालकाचा दर अर्थात् चढा. लुइझियानांतील ऊसबागाइतदारांना हें जाचक वाटलें, कारण त्यांची माणसें ऊस तोडून झाल्यावर तोच ट्रकांत भरून कारखान्यावर नेतात. त्यांनीं दाद मागितली, आणि २०२५ च्या ऑगस्टांत न्यायालयानें तो नियम रद्द केला. त्याच सुमारास शेतकीखात्यानें आपली मजुरी-पाहणीहि बंद केली. ज्या मापानें दर मोजावयाचा तें मापच नाहींसें झाल्यावर, मजूरखात्यानें २०२५ च्या ऑक्टोबरांत नवा अंतरिम नियम काढला. त्यांत नवख्यांसाठीं व अनुभवी मजुरांसाठीं दोन पायऱ्या केल्या. कराराच्या बहुतांश कामाच्या दिवसांत जें काम, त्यावरून दर ठरविण्याचें धोरण घेतलें. आणि फुकट घराबद्दल परक्या मजुराच्या दरांतून वजावट करण्यास मुभा दिली. याविरुद्ध शेतमजूरसंघानें न्यायालयाचें दार ठोठावलें. त्याचें म्हणणें असें, कीं घर ही मालकाची जबाबदारी. तिची किंमत मजुराच्या मजुरींतून वसूल केली, तर ती फुकट कसली?

मालकांची बाजूहि अगदींच पोकळ नाहीं. सरासरी हाच किमान दर धरला, तर जे सरासरीहून खालीं होते ते वर येतात, पुढच्या वर्षीं सरासरी पुन्हां चढते, आणि ती चढती कमान थांबत नाहीं; गव्हाचा भाव मात्र मालकाच्या हातीं नसतो, असें ते म्हणतात. मजुरांचे कैवारी उत्तर देतात, कीं दर इतका असह्य असता तर मागणी घटली असती. मजूरखात्यानें मंजूर केलेल्या जागा २००५ सालीं सुमारें ४८,००० होत्या, त्या २०२४ सालीं ३,८०,००० च्या वर गेल्या. दोन्ही पक्ष ज्या आंकड्यांचा आधार घेतात ते खरे आहेत. परंतु कोणत्या माणसाच्या जागीं उभें राहून ते वाचावयाचे, यावर त्यांचा अर्थ बदलतो.

मजुरीचा दर हा असा एक तराजू आहे, कीं त्याच्या एका पारड्यांत दूरदेशीचा गरजू तरुण, दुसऱ्यांत गांवचा जुना मजूर, आणि दांडी मालकाच्या हातीं. कायदा दर लिहूं शकतो. पण दांडी सरळ राहते ती ज्याला मजुरी घ्यावयाची आहे, त्याला निर्भयपणें आपला हिशेब मागतां येईल तेव्हांच. उत्तर डाकोटांतील शेवटचें शेत कापून झाल्यावर यंत्रें धुतलीं जातात, ट्रकांवर चढविलीं जातात व दक्षिणेकडे परततात. त्या वेळीं चालकाच्या हातीं जो कागद पडतो, त्यावरील तास व दर त्याच्या स्वतःच्या टिपणाशीं जुळले, तर तो हंगाम साधला असें समजावें.