जुना सोफा : मोडीत काढावा की भरून घ्यावा?

घरात मंगल परिणयाचे बोलणे निघाले किंवा 14 एप्रिल जवळ आला, की बाहेरच्या खोलीकडे आपले लक्ष जाते. सोफ्याचे कापड विटलेले, बैठक खचलेली. मग घरातले कोणीतरी म्हणतेच, "पाहुणे काय म्हणतील? नवीनच घेऊ या." नीटनेटके घर असावे, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु दुकानाची पायरी चढण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली सोफ्याचा सांगाडा व दुसरी घरखर्चाची वही.

सोफ्याचे आयुष्य लाकडी सांगाड्यावर ठरते. पुढचा एक पाय वीतभर उचलावा. पुढचा दुसरा पायही लगेच जमिनीवरून सुटला, तर सांगाडा मजबूत समजावा. तो जमिनीलाच टेकून राहिला, तर सांधे सैल झाले आहेत. हात टेकायची बाजू हलवून पाहावी. सोफा उलटा करून खालचे कापड सोडवावे. लाकडाला बारीक भोके असून पिठासारखा भुसा गळत असेल, तर कीड लागली आहे. वाळवीने पोखरलेल्या लाकडावर ठोकले की पोकळ आवाज येतो. असा सांगाडा भरून घेण्यात पैसा घालू नये.

सांगाडा सागवानी किंवा शिसवी असेल आणि फक्त सांधे सैल असतील, तर सुतार ते सरस लावून पुन्हा बसवून देतो. फोम, पट्टे, स्प्रिंगा व कापड या झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्या बदलता येतात. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे मात्र तसे नाही. त्या पाण्याने फुगतात आणि एकदा निसटलेला स्क्रू तेथे पुन्हा घट्ट बसत नाही.

आता वही. समजा, भरून घ्यायला 12,000 रुपये लागतात व सोफा आणखी 6 वर्षे टिकेल. म्हणजे वर्षाला 2,000 रुपये पडले. 18,000 रुपयांचा हलका नवा सोफा 5 वर्षांत खिळखिळा झाला, तर वर्षाला 3,600 रुपये पडतात. किंमत पाहू नये, वर्षाचा खर्च पाहावा. "बिनव्याजी हप्ता" ऐकून तर हुरळून जाऊच नये. अशा योजनांतील व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडूनच घेतले जाते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 साली बँकांना बजावले होते. सोफ्याचा हप्ता आणि मुलीच्या क्लासची फी एकाच पगारातून जाते, हे गृहिणीला कोणी सांगायला नको.

भरून घ्यायचे ठरले, तर दोन कारागिरांकडून मजुरी, फोम, कापड व पॉलिश यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. बैठकीसाठी साधारण 40 घनतेचा फोम मागावा. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोतले वजन. हलका फोम लवकर बसतो. जुने कापड आपल्यासमोर उसवायला सांगावे. ढेकूण असतील तर तेथेच कळतात. उरलेले कापड परत मागून घ्यावे, पुढे ठिगळाला उपयोगी पडते. सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत, पण काम पटले की मजुरीत घासाघीसही करू नये. हाताच्या कष्टाची किंमत आपल्याला ठाऊक असली पाहिजे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीत भन्ते आनंद यांना 500 वस्त्रांचे दान मिळाले. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे उदेन राजाने विचारले. आनंदांनी सांगितले, ती जीर्ण चीवरे असलेल्या भिक्खूंना वाटू. मग जुन्या चीवरांचे पलंगपोस, जुन्या पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरणे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची झटकणी आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला व त्याने आणखी 500 वस्त्रे दिली. काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे, हे यापेक्षा सोप्या शब्दांत कोण सांगणार?

सांगाडा कुजला असेल, तर मात्र खुशाल नवा सोफा घ्यावा. तो रोखीने, ऐपतीप्रमाणे आणि आधी उलटा करून पाहूनच घ्यावा. आणि सांगाडा शाबूत असेल, तर या रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून वही उघडावी. उरलेले पैसे कशासाठी ठेवायचे, ते मुलांनाही विचारावे.