टिळकांनी सोडले, लक्ष्मीबाईंनी सोसले

१० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबाचा संसार मोडला. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू नातलगांच्या आश्रयाला राहिले. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने नवरा जिवंत असूनही हरवला होता.

टिळकांनी ज्याच्यासाठी हे केले, त्या येशूची मागणी कठोरच आहे. आईबाप किंवा मुले ज्याला आपल्याहून प्रिय, तो आपला शिष्य शोभत नाही, असे त्याचे सांगणे मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. लहानपणापासून आज्ञा पाळणाऱ्या एका श्रीमंत तरुणाला त्याने सारे विकून गरिबांना द्यायला सांगितले. तरुण खिन्न होऊन निघून गेला. मात्र हाच येशू देवाला अर्पण केल्याची सबब सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांवर कडाडला, हे मार्कच्या सातव्या अध्यायात वाचायला मिळते. म्हणजे देव पहिला, पण देवाच्या नावाने जबाबदारी झटकायची मुभा नाही. हे दोन्ही एकत्र वाचले नाही, तर भक्ती निष्ठुर होते.

टिळकांनी जबाबदारी झटकली नाही. पत्नीशी नाते तोडले नाही, तिची वाट पाहिली. पण निर्णय त्यांचा होता आणि त्याची किंमत तिने मोजली, हे मान्य करायलाच हवे. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे नगरला आल्या, त्या आपले सोवळे सांभाळत, वेगळी चूल मांडून. नवऱ्यासाठी त्यांनी धर्म सोडला नाही. पुढे जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे त्यांचे त्यांना उमगले आणि कुणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय कुणी लादलेला नव्हता, म्हणूनच तो मोठा वाटतो. ही सगळी घालमेल त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात काहीही न लपवता लिहून ठेवली आहे.

मालमत्तेची कसोटी नंतर आली. १९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी आणि तिचा ठरलेला पगार सोडला, संन्यासी वृत्तीने साताऱ्यात राहून ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात सामील होऊ शकत. पण दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले.